यास्पर होल्टकाम्पची सही

एवाल्ड होल्टकाम्पने फळी आधीच रंगवून घेतली होती. ओकच्या लाकडाची, दोन हात लांब, काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं: ‘या घराचा पुत्र यास्पर होल्टकाम्प १८४६ साली नशीब काढायला अमेरिकेस गेला. १९९४ साली त्याचं रक्त घरी परत आलं.’ शनिवारी अमेरिकेतून, मिसूरीहून पाहुणी यायची होती, गावचा बँड वाजणार होता आणि फळी शेतघराच्या मोठ्या दरवाजावर चढणार होती. राहिला होता तो फक्त वंशवृक्ष. तो काढून द्यायचं काम आल्विन टीमानकडे होतं, आणि मंगळवार उजाडला तरी आल्विन तो देत नव्हता.

ब्रेडेनहॉर्स्ट गावाच्या इतिहास मंडळाची खोली आगीच्या बंबाच्या शेडवर होती. मंडळाचा अध्यक्ष एवाल्ड. आल्विनला कुठलंच पद नव्हतं, पण खोलीत रोज बसणारा तो एकटाच. चाळीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे सांभाळून तो निवृत्त झाला होता. जुनी वळणदार लिपी त्याला वर्तमानपत्रासारखी वाचता यायची. चार माणसांत बोलणं मात्र जमायचं नाही. मंडळाच्या सभेत काही सुचलं तर तो चिठ्ठी लिहून शेजाऱ्याकडे सरकवायचा. चिठ्ठी सरकवल्यावरही घरी जाऊन वाटायचं, उगाच लिहिली.

मंगळवारी दुपारी एवाल्ड धापा टाकत जिना चढून आला. वजनदार माणूस, गळ्याशी उघडा शर्ट, हातात चौकट. वंशवृक्षासाठी काचेची चौकटही त्याने करून आणली होती.

“झालं का रे तुझं झाड? की अजून पानं फुटायचीत?”

“झालंय,” आल्विन म्हणाला. “पण ते तुझ्या फळीशी जुळत नाही.”

एवाल्डने चौकट टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. आल्विनने सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना तो एवाल्डकडे न बघता कागदांकडेच बघत राहिला.

मिसूरीची वर्ना होल्टकाम्प दोन वर्षं त्याला पत्रं लिहीत होती. तिच्या पणजोबांच्या थडग्यावर नाव होतं आणि जन्मतारीख होती, अकरा नोव्हेंबर १८१८. गाव होतं ब्रेडेनहॉर्स्ट. बाकी पणजोबांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईबाप कोण असं मुलांनी विचारलं की ते उठून गोठ्यात जात. वर्नाने एकच मागणं केलं होतं: त्यांच्या आईचं नाव तेवढं शोधून द्या.

आल्विनने चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत १८१८ सालचे होल्टकाम्प शोधले. यास्पर नाही. १८१७ पाहिलं, १८१९ पाहिलं, शेजारच्या गावांच्या वह्या पाहिल्या. दोन वर्षं त्याने जी चूक केली ती बाहेरच्या माणसाने केली असती तर हसून सोडून दिली असती. इथे जन्मलेल्याने ती करायला नको होती. ब्रेडेनहॉर्स्टमध्ये माणूस जमिनीला नाव देत नाही, जमीन माणसाला देते. मुलीकडे शेत आलं आणि तिने नवरा आणला, की नवऱ्याने आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि शेताचं नाव घालून आत यायचं. नवा बैल आणि नवा घरजावई दोघांनाही पहिल्या दिवसापासून शेताच्याच नावाने हाक मारतात, असं गावात गमतीने म्हणतात. हे सगळं माहीत असून आल्विन होल्टकाम्प आडनावाचं बाळ शोधत बसला होता. कारण यास्पर शेताचा मुलगा, असं सगळा गाव धरून चालला होता, आणि सगळ्या गावाहून आपण शहाणे असं वाटायची आल्विनला सवय नव्हती.

मार्चमध्ये एकदा कंटाळून त्याने नावावर कागद ठेवला आणि नुसती तारीख शोधली. अकरा नोव्हेंबर १८१८. त्या दिवशी गावात एकच मूल जन्मलं होतं: यास्पर रेकर. बाप होल्टकाम्पांच्या शेतावरचं कूळ, मुक्काम शेतातल्या खोपटात. मग सगळं सुतासारखं उलगडलं. १८४२ मध्ये यास्पर रेकरचं लग्न होल्टकाम्पांची थोरली मुलगी, शेताची वारस फ्रेडेरिकं हिच्याशी झालं. समासात शेरा, ‘यापुढे होल्टकाम्प’. १८४५ मध्ये फ्रेडेरिकं बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही गेलं.

“बरं मग?” एवाल्ड म्हणाला. “लग्न करून आला, होल्टकाम्प झाला. आपली रीतच आहे ती. माझ्या फळीत चूक कुठे आहे?”

“रीत तिथेच संपत नाही, एवाल्ड. बायको मेली तरी घरजावई शेतावरच राहतो. दुसरी बायको आणतो, तिलाही तेच नाव लागतं. रक्ताचा एक थेंब उरला नाही तरी शेत चालू राहतं. पुढे जोहान निमायरने हेच केलं, बायको गेल्यावर दुसरी आणली. त्याला कुणी हाकललं नाही.”

“तो कोण आता?”

“तुझा खापरपणजा. फ्रेडेरिकंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. यास्पर गेला त्याच वर्षी, ऑक्टोबरात तो आला. मोठ्या शेतकऱ्याचा पोरगा होता. यास्पर कुळाचा होता. सासऱ्याला एवढंच सलत होतं.”

एवाल्डने खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग तो हसला, आणि ते हसू आल्विनला शाळेपासून माहीत होतं. त्या हसण्यानंतर आल्विनची टोपी विहिरीत जायची.

“तुझ्या आईचं माहेरचं नाव काय रे, आल्विन?”

दोघांनाही ते माहीत होतं.

“रेकर,” एवाल्डच म्हणाला. “तरी म्हटलं, एवढा जोर कुठून आला. दोन वर्षं वह्या उपसल्या आणि शेवटी निघालं काय, तर आपलाच मामा. गावाला हे सांगशील तर लोक काय म्हणतील? टीमानला म्हातारपणी थोर घराण्यात शिरायचंय.”

त्याने वृक्षाचा जुना कच्चा कागद, ज्यात यास्पर होल्टकाम्पांच्या फांदीवर मुलगा म्हणून काढलेला होता, टेबलावरून उचलला आणि चौकटीत घातला. हाच चालेल, म्हणाला. शनिवारी आल्विनने फक्त पाहुणीचं बोलणं समजावून द्यायचं, तिला इंग्रजीच येत असणार. बाकी काही बोलायचं काम नाही. बोलायची तुला सवयही नाही, हे जिन्यावरून उतरताना तो जवळजवळ मायेने म्हणाला.

एवाल्डचा टोमणा बरोबर जागी बसला होता. यास्पर हा आल्विनच्या आईच्या आजोबांचा सख्खा भाऊ, हे आल्विनला मार्चमध्येच कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा स्वतःवरच विश्वास नव्हता; वर्नालाही त्याने अजून काही कळवलं नव्हतं. माणसाला जे हवं असतं ते जुन्या कागदात दिसायला लागतं, हे त्याने चाळीस वर्षं बांधाच्या भांडणांत पाहिलं होतं. कुठलाही शेतकरी नकाशावर वाकला की त्याला रेघ शेजाऱ्याच्या बाजूला सरकलेलीच दिसायची. आपणही तसेच वाकलो नसू कशावरून?

म्हणून बुधवारी सकाळची गाडी धरून तो पुन्हा म्युन्स्टरला गेला. देशांतराची जुनी दप्तरं तिथे होती. परवाना घेऊन गेलेल्यांची, आणि परवाना न घेता पळालेल्यांचीही. यास्परचं प्रकरण त्याने एकदा वाचलं होतं. आता आपण परके आहोत असं समजून वाचायचं त्याने ठरवलं. एकेक ओळ पट्टी ठेवून वाचली. जिथे शब्द दोन तऱ्हांनी लागत होता तिथे रेकरांना गैरसोयीची तऱ्हा धरली. तरी अर्थ बदलला नाही.

आत एक हक्कसोडपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की जावई यास्पर शेतावरचा सगळा हक्क सोडतो, सासऱ्याने दिलेल्या जहाजाच्या तिकिटावर अमेरिकेला जातो, आणि शेत सोडल्यामुळे शेताचं नावही सोडून आजपासून पुन्हा रेकर म्हणवून घेतो. खाली सही होती. यास्पर होल्टकाम्प. अक्षरं मोठी होती आणि शेवटच्या ‘प’पाशी टाकाच्या टोकाने कागद फाटला होता. तिच्या खाली तीच सही परत एकदा, आणखी मोठी. आणि बाजूला कारकुनाची बारीक टीप: ‘सही करणाऱ्यास चूक दाखवली. त्याने वाचता येते असे सांगून पुन्हा तीच सही केली व तो निघून गेला.’

मार्चमध्ये आल्विनने ही टीप घाईने वाचली होती. या वेळी ती त्याने पट्टी ठेवून अक्षर अक्षर करत वाचली. मग त्याने त्या पानाची छायाप्रत मागितली. देणाऱ्या बाईंनी एक हवी की दोन असं विचारलं तर तो म्हणाला, सहा द्या, आणि आपल्याच आवाजाने जरा दचकला.

शनिवारी होल्टकाम्पांच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती. इर्मगार्डने, एवाल्डच्या बायकोने, ताटंच्या ताटं भरून लोण्याचा केक भाजला होता. फळी दरवाजावर चढली होती आणि तिच्यावर पांढरं कापड टाकलं होतं. साठ-सत्तर माणसं जमली होती. आल्विन लग्नाकार्याला घालायचा कोट घालून आला होता आणि त्याच्या आतल्या खिशात प्रती होत्या. येताना रस्त्यात त्याने दोनदा सायकल वळवली होती आणि दोनदा पुन्हा सरळ केली होती.

वर्ना होल्टकाम्प मोटारीतून उतरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची उंच, काटक बाई, पायात जाड तळव्यांचे बूट. आल्विन इंग्रजीत वाक्य जुळवत पुढे झाला, तोच तिने त्याचा हात धरला आणि ती म्हणाली:

“तूच आल्विन न्हवं? लई बारीक अक्षार हाय बाबा तुजं. भिंग घेऊन वाचावं लागलं मला.”

ती गावची जुनी बोली होती, शाळेत बोललं की छडी बसायची ती. इथल्या म्हाताऱ्या गेल्या तशी तीही गेली होती. मिसूरीत एका नदीकाठी ती दीडशे वर्षं जशीच्या तशी राहिली होती. दोनतीन बायकांनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले. दुभाष्याची गरज उरली नव्हती, म्हणजे आल्विनला पुढे उभं राहायचं कारणही उरलं नव्हतं. तो मागे सरकला आणि सफरचंदाच्या झाडाशी उभा राहिला. क्षणभर त्याला फार बरं वाटलं.

एवाल्डचं भाषण झालं. शेत पाचशे वर्षं एकाच घराण्यात, एकाच नावाने; समुद्राने दूर नेलं ते रक्ताने परत आणलं. बँड वाजला. कापड ओढलं गेलं. वर्नाने फळी वाचली, ओठ हलवत, सावकाश. मग ती वळली. सोनेरी अक्षरांबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारलं, पणजोबांच्या आईचं नाव काय ते सापडलं का.

एवाल्डने काचेच्या चौकटीवर बोट ठेवलं. “ही बघ. एलिझाबेथ होल्टकाम्प. याच घरात पाच मुलं झाली तिला.”

“एलिझाबेथ,” वर्ना म्हणाली, आणि पर्समधून छोटी वही काढून ती लिहायला लागली.

तिने लिहिलं तर ते मिसूरीला जाणार होतं. दगडावर कोरलं जाणार होतं, नातवंडांना शिकवलं जाणार होतं. ज्या बाईने आपल्या मुलीच्या नवऱ्याला घराबाहेर काढताना कदाचित ब्रसुद्धा काढला नाही, ती त्याची आई म्हणून कायमची लागणार होती. आल्विनने चिठ्ठी लिहावी म्हणून खिशात हात घातला. पेन्सिल नव्हती.

“लिहू नका,” तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. तो झाडापासून पुढे आला आणि पुन्हा म्हणाला, या वेळी बोलीत, आईशी बोलायचा त्या भाषेत.

“लिवू नगा ते. ती त्येची आई न्हाई. सासू हाय.”

एवाल्ड म्हणाला की आल्विनला ऊन लागलंय, कुणीतरी त्याला बसवा. आल्विनने प्रती काढल्या. घाईत एक प्रत खाली पडली आणि ती इर्मगार्डने उचलली. तिने ती परत दिली नाही, वाचायला लागली. आल्विनने सांगितलं. नीट सांगितलं असं त्याला नंतर कधीच वाटलं नाही. तारखा पुढेमागे झाल्या. पण खोपटात जन्मलेला मुलगा, वारस मुलीशी लग्न, बाळंतपण, हक्कसोडपत्र, सगळं सांगितलं. आणि एवाल्डने तोंड उघडायच्या आत तोही मुद्दा त्याने स्वतःच मांडला.

“माझी आई रेकरांची. यास्पर माझ्या पणज्याचा भाऊ. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागदावर ठेवा. जुनी अक्षरं ज्यांना लागतात त्यांनी आत्ता वाचून बघावं, मी थांबतो.”

टेबलाशी बसलेल्या जुन्या शाळामास्तरांनी चष्मा लावून सही आणि टीप मोठ्याने वाचली. ‘त्याने वाचता येते असे सांगून पुन्हा तीच सही केली व तो निघून गेला.’ मागच्या बाकावर एक म्हातारा, तोही कुळाच्याच घरचा, मोठ्याने हसला आणि हसतच राहिला.

एवाल्डचा चेहरा लाल झाला होता. जुनी मढी कशाला उकरायची, तो म्हणाला. आणि काही झालं तरी माणूस होल्टकाम्प नाव लावत होता ना. नाव आमचं, म्हणजे माणूस आमचा.

“तुमचं कसं?” वर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “काडून घेतलं हुतं ना त्येच्याकडनं? त्येनं दिलं न्हाई. जमीन ऱ्हायली तुमाकडं, नाव त्यो घेऊन गेला. आता ते आमचं.”

मग ती आल्विनकडे वळली आणि तिने तिसऱ्यांदा तेच विचारलं, पणजोबांच्या आईचं नाव काय. त्याने सांगितलं: गेझिना रेकर. तिने एलिझाबेथवर काट मारून ते नाव लिहिलं, वही मिटली आणि ती म्हणाली, ते खोपाट कुठं हुतं ते दाव.

तिथे आता काही नाही, एवाल्ड घाईने म्हणाला. कधीच पाडलं, वर मका आहे, आणि कुठे होतं ते आता देवालाही सांगता यायचं नाही.

देवाचं आल्विनला माहीत नव्हतं. पण १८२८ सालच्या पहिल्या मोजणीचा नकाशा त्याने चाळीस वर्षं हाताळला होता. हद्दीचा दगड अजून जागेवर होता. तिथून पूर्वेला, ओढ्याच्या वळणाकडे तोंड करून, त्र्याण्णव पावलं.

आल्विन आणि वर्ना फाटकातून बाहेर पडले. मागून हसणारा म्हातारा काठी घेऊन आला, इर्मगार्ड अॅप्रन न सोडताच आली, मग आणखी काही जण. बरेचसे केकपाशीच राहिले. त्यांना उद्याही याच गावात राहायचं होतं, आणि आल्विनला त्यांचा राग आला नाही. दगडाशी त्याने पाठ टेकवल्यासारखं उभं राहून दिशा धरली आणि मक्यात पाऊल टाकलं. मका गुडघ्यापर्यंत होता. आयुष्यात त्याने कुणाच्या उभ्या पिकात पाय घातला नव्हता. मोजणीलासुद्धा कापणी होईपर्यंत थांबायचा. मक्याची ताटं बुटाखाली मोडताना आवाज करत होती. वर्ना त्याच्या मागे, त्याच्याच पावलांवर, पदर खोचावा तसा झगा एका हाताने वर धरून येत होती.

तो मनात मोजत होता. साठ. सत्तर. बांधावरून एवाल्डची हाक आली.

“आल्विन, बाहेर ये. माझा मका तुडवतोयस तू.”

आल्विन थांबला. इतक्या वर्षांच्या सवयीने मान खाली गेली होतीच. मोजणी चुकेल म्हणून त्याने आकडा ओठांत धरून ठेवला. मग मागे वळून, एवाल्डच्या डोळ्यांत बघून, त्याने बोलीतच उत्तर दिलं.

“तुडवतुया. अजून एकुणीस पावलं हायती. तुला यायचं तर ये.”

आणि पुढचं पाऊल टाकलं.